शहापूर म्हणजे जुनं बेळगाव का? (वाडे, सरहद्द, कौलं वगैरे)

गल्लीबोळ
एका ग्रुपवर 'जुन्या बेळगावचे वाडे' म्हणून पंधरा-वीस फोटो फिरत आले. निम्मे फोटो आचार्य गल्ली, कोरे गल्ली, मीरापूर गल्लीतले, म्हणजे शहापूरचे. त्यावर एकानं लिहिलं की शहापूर हेच मूळ बेळगाव, वस्ती नंतर स्टेशनकडं सरकली. दुसऱ्यानं लिहिलं की शहापूर हे बेळगावचं उपनगर. दोन्ही चुकीचं आहे असं माझं मत. शहापूर हे दुसरंच गाव, सांगली संस्थानातलं. ते १९४८ नंतर बेळगावात मिसळलं, आणि मिसळूनही थोडं बाजूलाच राहिलं.

माहीतगारांनी सांगा, आज गल्ल्यांतून चालत गेलं तर ते वेगळेपण कशावरून ओळखायचं? आणि तिथली चिऱ्याची (जांभ्या दगडाची), कौलारू घरं दर उन्हाळ्यात दोन-चार पाडली जातात, त्यांची डागडुजी करणाऱ्यांसाठीही माहिती आली तर बरं होईल. भाषावादावर दुसरे धागे भरपूर आहेत, इथं नको.

तिसरं_गेट
'जुनं बेळगाव' नावाची वस्ती खरोखरच आहे की ओ, वडगावच्या पलीकडं. तिथल्या लोकांना विचारलंत का? नाहीतर आपण इथं भांडायचं नि तिकडं ते हसत बसायचे.

सहा_तालुके
गल्लीबोळ यांच्याशी सहमत. थोडा तपशील देतो.

सांगली संस्थान नकाशावर एकसलग कधीच नव्हतं. मिरजप्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ, शहापूर आणि दोडवाड असे सहा तालुके, मधे दुसऱ्यांचा मुलूख. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेतून वेगळे होऊन सांगलीला आले, त्या वाटणीतून हे संस्थान उभं राहिलं. १८१८ मध्ये जनरल मन्रोनं बेळगावचा किल्ला घेतला. वेढा २० मार्चला सुरू झाला, १० एप्रिलला किल्ला पडला. बेळगाव ईस्ट इंडिया कंपनीकडं गेलं, पण पटवर्धनांशी झालेल्या तहात त्यांची सरंजामी त्यांच्याकडं राहिली. १८३२ ला बेळगावात कॅन्टोन्मेंट आलं, १८३८ ला ते जिल्ह्याचं ठिकाण झालं, आणि हाकेच्या अंतरावर सांगलीकरांचं शहापूर तसंच राहिलं, वेगळ्या कचेरीचं.

८ मार्च १९४८ ला दक्षिणी संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. म्हणजे शहापूर मुंबई राज्यात पुरती नऊ वर्षंही नव्हतं. 'पूर्वी आम्ही मुंबई इलाख्यात होतो' हे वाक्य बेळगावकरानं म्हणावं. शहापूरकरानं म्हटलं तर ते हिशेबात बसत नाही.

आता 'मूळ बेळगाव'. ते शोधायचं तर किल्ल्यात जावं लागतं. तिथली कमल बसदी (जैन मंदिर) रट्ट राजांचा मंत्री बिचिराजानं १२०४ मध्ये बांधली, सफा मशीद १५१९ ची, आदिलशाही सरदार असदखान लारीच्या काळातली. वेणुग्राम म्हणतात ते ते. शहापूरच्या वाड्यांचा त्याच्याशी संबंध लावू नका.

काकतीवेस
सरहद्द सोपी आहे. रेल्वेरूळ. रुळाच्या अलीकडं बेळगाव, पलीकडं शहापूर. कपिलेश्वर पुलावरून गेलात की सांगली संस्थान सुरू.

सहा_तालुके
काकतीवेस, रूळ ही सोयीची खूण आहे, सरहद्द नव्हे. सदर्न मराठा रेल्वे इथं आली १८८० च्या दशकाच्या अखेरीस. दोन्ही गावं त्याच्या कितीतरी आधीची. रुळांनी वस्ती कापली, त्यामुळं डोळ्याला तीच रेघ दिसते. शिवाय टिळकवाडीही रुळाच्या त्याच बाजूला आहे, ती काही सांगलीकरांची नव्हे.

परसदार
कागद बाजूला ठेवा, फाल्गुन बघा. बेळगाव शहरात रंग खेळतात धुळवडीला, फाल्गुन वद्य प्रतिपदेला. शहापूर, वडगाव, होसूर भागात खेळतात रंगपंचमीला, वद्य पंचमीला. एकाच महापालिकेत, एकाच बाजारात, चार दिवसांच्या अंतरानं. धुळवडीला शहापुरात दुकानं उघडी असतात आणि बेळगावची माणसं रंगलेल्या तोंडानं तिथं सामान घ्यायला येतात. पंचमीला उलट. याहून स्वच्छ सरहद्द दुसरी कुठली दाखवणार?

तिसरं_गेट
आणि काही पोरं दोन्हीकडं खेळतात. त्यांना दुहेरी नागरिकत्व.

काकतीवेस
परसदारताई, हे मान्य. पण रंगपंचमी अर्ध्या महाराष्ट्रात खेळतात. त्यावरून संस्थान कसं सिद्ध होतं?

परसदार
संस्थान सिद्ध करायचं नाहीये, गाव वेगळं होतं हे दाखवायचंय. एकच गाव असतं तर दिवस एकच असता. सण सरकारी आदेशानं हलत नाहीत. दोन्हीकडची माणसं नात्यागोत्यात मिसळली तरी रंगाचा दिवस आपापला ठेवलाय.

लाल_चिरा
नावं बघत चाला. शहापुरात कचेरी गल्ली आहे, तिथं नाव टिकलंय. चिंतामणराव हायस्कूल आहे, सांगलीकरांच्या नावाचं. सराफ गल्ली, दाणे गल्ली ही धंद्याची नावं. बेळगावकडं या: रामलिंगखिंड गल्ली, रिसालदार गल्ली, दरबार गल्ली, भेंडीबाजार, मग कॅम्प. लष्कर आणि किल्ला नावातच बसलेला. रिसालदार गल्लीतच भाटे वकिलांच्या घरी १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद उतरले होते. ते घर आता रामकृष्ण मिशनकडं आहे.

कन्नड नावंही दोन्हीकडं आहेत. तेंगिनकेरी गल्ली म्हणजे नारळाची केरी. केरी म्हणजेच गल्ली, तेव्हा आपण 'नारळगल्ली गल्ली' म्हणतो. होसूर म्हणजे होस ऊरु, नवं गाव. शहापूरला लागून 'नवं गाव' असेल तर शहापूर त्याआधीचं, एवढं तर्कानं निघतं.

कुंदा_प्रेमी
खडे बाजार विसरलात. बेळगावात एक, शहापुरात एक. बाहेरगावचा पाहुणा रिक्षात बसून नुसतं 'खडे बाजार' म्हणाला की त्याचा दिवस गेला.

लाल_चिरा
पत्ता लिहिताना पिनकोड लिहा. शहापूर ५९०००३, बेळगाव शहर ५९०००१ किंवा ५९०००२, वडगाव ५९०००५, टिळकवाडी ५९०००६. कुरिअरवाले गल्लीचं नाव वाचतच नाहीत, शेवटचा आकडा बघतात.

धोटा
मागाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. शहापुरी लुगडं या गावाची ओळख होती, आणि शहापूर-वडगाव-खासबाग पट्ट्यातली विणकरांची घरं मागानं घडवली. सराफाचं किंवा भिक्षुकाचं घर आणि विणकराचं घर बाहेरून एकसारखं दिसेल, आत फरक आहे.

खड्डामागाला जमिनीत खड्डा लागतो. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यात, पावड्या (पायानं दाबायच्या फळ्या) खाली. खड्डा साधारण दोन-अडीच फूट खोल. त्यामुळं पुढच्या सोप्याची (ओसरीची) जमीन मातीची ठेवायची, फरशी नाही. दुसरं कारण ओलावा. सूत कोरडं पडलं की तुटतं, खड्ड्यातल्या मातीचा गारवा ताण्याला (उभ्या धाग्यांना) मिळतो. बेळगावच्या हवेत जून ते सप्टेंबर ओल भरपूर, पण तेव्हा खळ लावलेला ताणा वाळत नाही. म्हणून पाजणीची (खळ लावायची) कामं उघडीप बघून करायची. मार्च-एप्रिलात उलटं होतं, खळ लवकर वाळते, सूत कडक होतं, फणीत तुटतं. तेव्हा पहाटे काम.

उजेड बाजूनं लागतो, समोरून नको, नाहीतर धाग्यावर सावली पडते. म्हणून रस्त्याकडची खिडकी बुटकी आणि रुंद, बसलेल्या माणसाच्या कमरेच्या उंचीला. जुन्या घराला अशी बुटकी खिडकी दिसली आणि आत फरशीचा एक चौकोन वेगळ्या रंगाचा दिसला, तर तिथं खड्डा बुजवलाय असं समजा.

हे आजही कामाचं आहे. बुजवलेला खड्डा दडपलेला नसतो. वर कपाट किंवा तिजोरी ठेवली की फरशी खचते. त्या जागी आधी दोन फूट उकरून मुरूम सहा-सहा इंचांच्या थरानं पाणी मारून चोपायचा, मगच फरशी.

काकतीवेस
धोटा, शहापूरच्या काही गल्ल्या सरळ आणि लांब आहेत त्या ताणा पसरायलाच ठेवल्या असं म्हणतात. खरं?

धोटा
ताणा रस्त्यात पसरत हे खरं. नऊवारीच्या चार लुगड्यांचा ताणा धरला तर ३६ वार, म्हणजे ३३ मीटरच्या आसपास. एवढी सरळ जागा घरात कुठून येणार? पण गल्ली त्यासाठी आखली हे मला पटत नाही. गल्ली सरळ होती म्हणून विणकर तिथं टिकले असतील. उलटं सांगायला छान वाटतं, एवढंच.

चुनखडी
आता डागडुजी. हे लांब होणार, चहा घेऊन बसा.

आधी घर वाचा. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर लाल चिरा नाहीतर मातीच्या भेंड्याची दीड-दोन फुटी भिंत, आत सागवान, फणस किंवा किंजळीचे खांब आणि तुळया. छपराचा भार बहुतेक घरांत खांब उचलतात, भिंत आडोसा असते. त्यामुळं 'भिंत पाडून हॉल मोठा करूया' एकवेळ चालतं, 'मधला खांब नडतोय, काढूया' हे चालत नाही. लोक नेमकं उलटं करतात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, पाच-सहा फुटांचा. सात खणी म्हटलं की लांबी कळते, क्षेत्रफळ नाही.

सगळ्यात मोठं नुकसान सिमेंटचं. चिरा सच्छिद्र असतो, जमिनीतली ओल तो दोन-तीन फूट वर ओढतो. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा असेल तर ओल तिथंच बाहेर सुटते. वर सिमेंट थापलं की बाहेर जायची वाट बंद, मग ओल चढत चढत तुळईच्या टोकापर्यंत जाते. भिंतीत घुसलेलं ते टोक आतून कुजतं आणि बाहेरून काही दिसत नाही. खुणा सांगतो: रंगाला फुगे, पांढरी बुकटी (लोणा), आणि बोटाच्या पेरानं ठोकलं की पोकळ आवाज. तुळईचं टोक तपासायला पेचकस टोचून बघा. अर्धा इंच सहज आत गेला तर सुताराला बोलवायची वेळ झाली.

उपाय: ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत सिमेंट काढा. सांधे इंचभर खरवडा. लोणा कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुऊ नका, धुतलं की क्षार परत आत जातो. भिंत फेब्रुवारीपासून निदान दोन महिने उघडी वाळू द्या. मग चुना. विरवलेला चुना निदान पंधरा दिवस पाण्याखाली मुरलेला हवा. न मुरलेले खडे भिंतीत फुगतात आणि गिलाव्याला नाण्याएवढे खड्डे पडतात. प्रमाण एक चुना, एक सुरखी (विटांची पूड), दोन वाळू. पहिला थर १०–१२ मिमी, दुसरा ५–८ मिमी. दहा ते चौदा दिवस दिवसातून तीन-चारदा पाणी शिंपडायचं, थेट ऊन असेल तर ओलं गोणपाट लावायचं. मेच्या मध्यानंतर हे काम काढू नका. वळीव आला की ओला चुना धुऊन जातो, आणि जूनच्या झडीत तो धरतच नाही.

गूळ-हिरड्याचं पाणी घालतात ते चांगलं, पण गूळ हात सैल सोडून घातला की मुंग्या भिंतच आपली समजतात.

पाटीपेन्सिल
चुनखडी साहेब, कौलांचं काय? किती लागतात याचा अंदाज कुणी नीट देत नाही. विकणारा जास्त सांगतो, गवंडी कमी सांगतो.

चुनखडी
मंगळुरी कौल १०० चौरस फुटाला साधारण १५० लागतात. पण १०० चौरस फूट छपराचे मोजा, जमिनीचे नाही. उतार ३० अंशांचा असेल तर जमिनीचं माप १.१५ नं गुणा. घर २०×४० फूट असेल तर ८०० गुणिले १.१५ म्हणजे ९२० चौरस फूट, त्याला १,३८० कौलं. फुटतूट आठ टक्के धरा, १,५०० आणा. आढ्याची कौलं वेगळी मोजा. एक कौल सव्वादोन ते अडीच किलोचं, म्हणजे छपरावर सव्वातीन टनांच्या आसपास बसतं. पावसात ओलं झालं की आणखी. वासे कमकुवत असताना 'नुसती कौलं बदलूया' म्हणणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

रिपांमधलं (कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्यांमधलं) अंतर साडेबारा इंचांच्या आसपास असतं, पण पुस्तकावर जाऊ नका. आलेली दहा कौलं जमिनीवर एकापुढं एक लावा. एकदा ताणून मोजा, एकदा दाबून मोजा, मधलं माप काढा आणि त्यावरून रिपा ठोका.

एक चूक फार होते. जुन्या कौलांत नवी मिसळतात. दोन कारखान्यांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत, केसभर फट राहते आणि वाऱ्याचा पाऊस तिथून आत येतो. कौलाच्या पाठीवर शिक्का असतो. एका शिक्क्याची कौलं एका पाखीवर (छपराच्या एका उतारावर) लावा, दुसऱ्याची दुसऱ्या पाखीवर. चांगली जुनी पश्चिमेच्या पाखीला ठेवा, पावसाचा मारा तिकडून असतो.

तिसरं_गेट
आणि हे सगळं करून झाल्यावर वर निळा पत्रा मारायचा. बेळगावी पद्धत पूर्ण झाली.

चुनखडी
हसू नका, पत्रा कौलावर टेकवला तर खाली वारा कोंडतो आणि वासे घामेजतात. मारायचाच असेल तर निदान फूटभर वर, दोन्ही टोकं उघडी.

पागोळी
छपराचा विषय निघालाच आहे तर भांडणाचं मूळ सांगतो. शहापूरच्या जुन्या गल्ल्यांत दोन घरांत दीड-दोन फुटांचा बोळ सोडलेला दिसतो. ती फुकट जागा नव्हे. दोन्ही छपरांचं पागोळीचं पाणी पडायची, आणि भिंतीला बाहेरून लिंपायला माणूस शिरायची ती वाट. एकानं घर पाडून स्लॅब टाकला की त्याला पागोळी उरत नाही, मग बोळ आपलाच वाटायला लागतो. तो भिंत बोळात सरकवतो. शेजारच्या कौलाचं पाणी आता नव्या भिंतीवर आदळून उलट जुन्या चिऱ्यात मुरतं. दोन पावसाळ्यांत कुणाची भिंत आधी फुगणार हे सांगायला नको.

घर पाडायच्या आधी बोळाची रुंदी तीन ठिकाणी मोजून, फोटो काढून, दोन्ही शेजाऱ्यांच्या सहीनं कागद करा. जुन्या खरेदीखतात 'सामाईक बोळ' किंवा 'पागोळीसह' असा शब्द असतो, तो शोधा.

काकतीवेस
शब्द शोधा म्हणता, पण खत मोडी लिपीत असतंय की हो!

मोडीवाला
म्हणूनच मी आलो.

शहापूरच्या १९४८ आधीच्या मिळकतींचे कागद बेळगावच्या कागदांहून वेगळे दिसतात. स्टॅम्प सांगली संस्थानचा असतो, ब्रिटिश हिंदुस्थानचा नाही. गल्लीबोळ यांनी विचारलेल्या प्रश्नाचं याहून सरळ उत्तर नाही: घरातली ट्रंक उघडा आणि स्टॅम्पवरचं चित्र बघा.

तारखा वाचताना घोटाळे होतात. शके असेल तर ७८ मिळवा: शके १८५० म्हणजे १९२८-२९. फसली असेल तर ५९०: फसली १३३८ म्हणजेही १९२८-२९. सुहूर सन असेल तर ५९९. फसली आणि सुहूर दोन्ही मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतात. त्यामुळं जानेवारी ते मे मधल्या कागदाला एक वर्ष पुढं धरावं लागतं. खात्री करायला तिथी आणि वार दोन्ही ताडून बघा. दोन्ही जुळले तरच वर्ष पक्कं.

शब्द: 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. लिप्यंतर करताना 'कोम' हा नावाचाच भाग समजून वारसाच्या अर्जात घुसवतात, मग नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत. 'हात' म्हणजे दीड फूट. चतुःसीमा वाचताना शेजाऱ्याच्या नावावर विसंबू नका, माणसं बदलतात. रस्ता, देऊळ, आड, बोळ यांवर विसंबा.

आजच्या कागदाशी जोडायचा क्रम असा ठेवा. आधी नगर भूमापन कार्यालयातून सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबरावरून पीआर कार्ड (मिळकत पत्रिका) काढा आणि त्यावरचं क्षेत्र प्रत्यक्ष मोजमापाशी ताडा. मग ईसी (मिळकतीवरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा दाखला). २००४ च्या अलीकडची कावेरी पोर्टलवर मिळते, त्याआधीची उपनिबंधक कार्यालयात अर्ज देऊन. व्यवहार नोंदलेला असेल तर नमुना १५ येतो, नसेल तर नमुना १६. 'सोळा आला म्हणजे मिळकत स्वच्छ' असं नाही, त्या मुदतीत नोंद नाही एवढाच त्याचा अर्थ. शेवटी महापालिकेचा ई-खाता (मिळकतीचा संगणकी उतारा). तो कन्नडमध्ये येतो, म्हणून नावाचं कन्नड लेखन आधार आणि पीआर कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळवून मगच अर्ज करा. मराठी 'ळ', 'च' आणि आडनावाचा 'कर' इथं हमखास बदलून येतात. नंतर दुरुस्तीला हेलपाटे पडतात.

मूळ मोडी कागद लॅमिनेट करू नका. शाई प्लॅस्टिकला चिकटते आणि परत सुटत नाही.

परसदार
मोडीवाला, तुमची पोस्ट कापून ठेवली. चतुःसीमेत आड येतो म्हणालात, तर आडाबद्दल विचारते. परसातला आड उपसून वापरात आणायचा तर औषध किती टाकायचं?

लाल_चिरा
ताई, गाळ काढून, नवं पाणी भरू दिल्यावर मोजा. व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीनं गुणा, पुन्हा ३.१४ नं गुणून चारनं भागा. व्यास २ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर १२.५६ घनमीटर, म्हणजे १२,५६० लिटर. चांगली, ताजी ब्लीचिंग पावडर १,००० लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथं ३१-३२ ग्रॅम. बादलीत कालवून दहा मिनिटं निवळू द्या, वरचं पाणीच आडात सोडा, खालचा चुना टाकू नका. निदान तासभर थांबा. पाकीट उघडं राहिलेलं असेल तर त्यातला क्लोरीन उडालेला असतो, ते वापरून समाधान तेवढं मिळतं.

आणि उतरायच्या आधी पेटता कंदील खाली सोडून बघा. विझला तर माणूस उतरवायचा नाही.

राकसकोपचं धरण झाल्यावर लोकांनी आड झाकले. पण तांबड्या चिऱ्याच्या जमिनीत पाणी चांगलं मुरतं, बुजवण्याआधी दहादा विचार करावा.

कुंदा_प्रेमी
एवढं सगळं झालं आणि कुंद्याचं नाव नाही. शहापूरच्या वेगळेपणात तो येतो की नाही?

तिसरं_गेट
तुमच्या नावात आलाय की.

कुंदा_प्रेमी
तरी लिहितो. म्हशीचं दूध एक लिटर, जाड बुडाच्या कढईत निम्मं होईस्तोवर आटवायचं. मग दोन-तीन चमचे दही, घोटायचं नाही, दाणा धरू द्यायचा. साखर शंभर ग्रॅम, त्यातली चौथाई वेगळ्या भांड्यात करपू न देता तांबूस वितळवून घालायची. रंग त्यातून येतो, खवा भाजून नाही. दही जास्त झालं की आंबट, हात सतत फिरवला की दाणा मोडून पेढ्याचं पीठ. पाऊण तास धरा. 'बेळगावचा कुंदा' म्हणून खवा-साखर-रंग कालवून विकतात, तो ओळखायची खूण म्हणजे जीभ. दाणा नसेल तर कुंदा नाही.

संपादक मंडळ
कुंद्यावरच्या पुढच्या पोस्टी पाककृती विभागात. इथं वाडे.

काकतीवेस
टिळकवाडीकर गप्प का? आठवडा तर तुमच्याकडं आहे.

तिसरं_गेट
पूर्ण नाही. सोमवार ते शुक्रवार पेठा टिळकवाडीत. रविवार पेठ आणि शनिवार खूट शहरात. सुट्टी बेळगावला, कामाचे दिवस आम्हाला.

खरं सांगायचं तर टिळकवाडी या वादात मध्यस्थ आहे. ती आखून वसवलेली वस्ती: सरळ रस्ते, मोकळे प्लॉट, मागंपुढं अंगण. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ ला बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढं नांगराचा कारखाना इथंच. नगरपालिकेला तिथं राहती वस्ती हवी झाली, कारखाना हलवावा लागला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे टिळकवाडीसाठी बेळगावनं एक कारखाना दिला. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेस अधिवेशनही याच बाजूला भरलं, काँग्रेस रोड आणि काँग्रेस विहीर ही नावं त्यातून. शहापूरसारखा दाटीचा बोळ आमच्याकडं शोधून मिळत नाही, आणि पागोळीची भांडणंही कमी. आमची भांडणं रेल्वेचं गेट बंद असताना मधे घुसणाऱ्या स्कूटरवरून.

सहा_तालुके
हा फरक महत्त्वाचा. एका शहरात तीन तऱ्हा आहेत: किल्ला-बाजारपेठेचं बेळगाव, सांगलीकरांचं शहापूर, आणि आखलेली टिळकवाडी. घराची दर्शनी रुंदी बघितली तरी कळतं. शहापुरात पुढं पंधरा-वीस फूट, मागं ऐंशी-शंभर फूट खोल. टिळकवाडीत चौकोनी प्लॉट. शहापूरच्या अरुंद घराला मधे उजेड मिळत नाही, म्हणून तिथं काचेची कौलं जास्त.

चुनखडी
काचेचं कौल माजघरावर दोन पुरे. लोक सहा लावतात, मग एप्रिलात आत भट्टी होते आणि त्यावर कापड बांधतात.

गल्लीबोळ
सगळ्यांचे आभार. तर त्या ग्रुपवर मथळा बदलून घेतला: 'शहापूर आणि बेळगावचे जुने वाडे'. पण आता तिथं नवाच वाद निघालाय. सातव्या फोटोखाली नुसतं 'खडे बाजार' लिहिलंय. कुठला?

लाल_चिरा
दुकानाची पाटी दिसते का? पिनकोड बघा.

गल्लीबोळ
दिसते. पण फोटो काठाला कापलाय. ५९००० एवढंच आलंय.

परसदार
माणसं रंगलेली आहेत का?

गल्लीबोळ
एक आहे. कोपऱ्यात.

काकतीवेस
फोटोची तारीख सांगा.